आंबिवलीच्या जेवणासाठी दहा कोस सायकल

आगगाडी असताना ठाण्याहून आंबिवलीला सायकलने कशाला जायचे, हा प्रश्न मला घरात बाबांनी, दारात शेजाऱ्यांनी आणि मुंब्र्याजवळ एका बैलाने विचारला. बैल बोलला नाही; तो फक्त रस्त्यात आडवा उभा राहिला.

कारण सांगते. आमच्या शिक्षण मंडळाला आंबिवलीत मुलींची शाळा काढायची होती. आधीचे मास्तर स्वतःचा तांब्या आणि शिधा घेऊन गेले होते, झाडाखाली वेगळी चूल मांडत. गावाने महिनाभर पाहिले आणि मुली पाठवणे बंद केले. मग मंडळाला तिथल्या पाटलांचा निरोप आला: पडवी देऊ, मुलीही देऊ, पण येणारी बाई आमच्या चुलीवरचे जेवली तरच.

मी बी. ए. झालेली, घराण्यातली पहिली. मी लगेच होकार कळवला. नंतर लक्षात आले की परजातीच्या घरी मी आजवर पाणीसुद्धा प्यायलेली नाही. ऐन वेळी तोंड वाकडे झाले, तर शाळा गेली. परीक्षेला सरावाशिवाय बसण्याची मला सवय नाही. म्हणून ठरवले, सायकलने जायचे आणि वाटेत प्रत्येक गावी जे मिळेल ते खायचे.

एकटीला सोडायला आई तयार नव्हती. तेव्हा मामा बैलांच्या दमणीतून मागून निघाले, मांडीवर घरच्या दशम्यांचा डबा घेऊन. बाहेरच्या अन्नाला ते शिवत नाहीत.

ज्या भगिनींना अशी सफर करायची असेल त्यांनी पोशाखाची चिंता करू नये. नऊवारीचा काष्टा घट्ट घातला की झाले. पदर मात्र चाकापासून जपावा. पहाटे निघावे. कळव्याच्या पुलापर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे खडी आहे आणि त्याहून पुढे नुसती आशा आहे.

कळव्याच्या मिठागरांपाशी मी मामांसाठी थांबले. बांध लिंपणाऱ्या बायांनी मला घेरले.

"यो कसला गो घोरा? खातो काय?"

"वारा," मी चाक दाबून दाखवत म्हटले.

"त्याचं पोट भरलंय बरा. मंग तू तरी जेव!"

तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. आमच्या घरी तिचे नावही निघत नाही. पहिला घास मी डोळे मिटून गिळला, दुसरा उघडे ठेवून. मामा पोहोचले तेव्हा दुसरी भाकरी संपत आली होती.

"अगं, सराव म्हणाली होतीस! हे तर जेवण झालं!"

पुढेही तसेच घडत गेले. सायकल पुढे जाई, बैल मागे राहत, मी वाट पाहत बसे, आणि आमच्या मुलखात कोणी अंगणात बसले की त्याला वाढतात. डोंबिवलीत वालाचे बिरडे आणि घावन. कल्याणात एका तेल्याच्या घरी बारसे होते; पाळण्याशेजारीच मला बसवून तीन पुरणपोळ्या वाढल्या, वर तुपाची धार. बाळापेक्षा सायकलकडे जास्त पाहुणे बघत होते, म्हणून संकोचाने मी चौथीही घेतली. सराव उत्तम चालला होता.

उल्हास नदी होडीने ओलांडावी लागते. माणसाला एक आणा, सायकलला दोन. "ही मांडी घालून बसत नाही," नावाड्याने कारण दिले. दमणी काठावर ठेवून मामाही होडीत बसले; उतरताना त्यांचा डबा पाण्यात पडला. दशम्या पोहल्या नाहीत.

आंबिवलीला पाटलांच्या अंगणात सारे गाव जमले होते. मधोमध एकच पाट, एकच केळीचे पान. भाकरी, वांग्याचे भरीत, खीर. पाटलीणबाईंनी स्वतः वाढले. मी घास उचलला, आणि तो तोंडापाशीच थांबला. माझ्या पोटात मोहरीएवढी जागा नव्हती.

मग पाटलीणबाई म्हणाल्या, "मास्तराचीच बहीन दिसते."

मी रडकुंडीला येऊन सगळे सांगितले: जवळा, बिरडे, बारसे.

"म्हंजे साऱ्या मुलखाचा खाल्लास, न आमचाच ऱ्हायला?"

"तुमच्याकडे नीट जेवता यावं म्हणूनच खाल्लं हो!"

पाटलांनी माझ्या सायकलकडे बोट केले. "तुजे घोऱ्यावर बस," ते म्हणाले, "न भूक लागंपरत गावाला फेऱ्या मार."

मी निघाले. अंगणासमोरून गेले की सारे गाव ओरडे, "लागली काय?" मी ओरडे, "नाही!" पाटलीणबाई खीर पुन्हा चुलीवर ठेवीत. तिसऱ्या फेरीपासून मुली मागे धावू लागल्या. सहाव्या फेरीला पाहते तो मामा पाटावर! सकाळपासून उपाशी असलेले मामा माझ्या पानावरचे भरीत चाटूनपुसून खात होते.

"मामा जेवले!" मी आनंदाने ओरडले. "आता तरी शाळा द्या!"

"मामा शिकवनार हायत?" पाटलांनी विचारले.

"नाही."

"मंग त्यांचा धरीत नाय."

अकराव्या फेरीला मी ओरडले, "लागली!" मी सायकल टाकून पाटावर बसले आणि नव्या पानावरची भाकरी, भरीत, खीर सगळे संपवले. पाटलीणबाईंनी पान उलटून पाहिले, मग घरात हाक दिली, "पडवी सारवाला घ्या गो!" धावणाऱ्या मुलींची नावे मी तिथेच लिहून घेतली. चौदा भरली.

परत येताना कल्याणहून सायकलसकट आगगाडीत बसावे, असा माझा सल्ला आहे. पिंढऱ्यांतले गोळे चार दिवस राहिले. दुसरे राहिले ते हे: परक्या घरी जेवून मी काही त्याग करणार आहे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एका गावाने आपली कामे टाकून माझ्या भुकेची वाट पाहिली.

घरी आईने माझ्यावर गोमूत्र शिंपडले आणि माझे पान ओसरीवर मांडले. मामांचे नेहमीप्रमाणे आत. मी दोन घास घेतले असतील, तोच मामा आपले पान दोन्ही हातांनी सांभाळत बाहेर आले आणि माझ्याशेजारी बसले.

"दादा, हे काय?" आई म्हणाली.

"मीही जेवलोय तिथं." मामांनी मान वर केली नाही. "भरीत."

आई उंबऱ्यात उभी राहिली. आत गेली, परत आली. शेवटी तिने हळूच विचारले, "वांगं निखाऱ्यावर भाजलं होतं, की चुलीत?"