मेंढ्यांना आधी कळतं

मागच्या महिन्यात मामाकडे गेले होते, भोकरदन तालुक्यात. माझी नोकरी संभाजीनगरला, परदेशातून येणाऱ्या मालाचे व्यवहार बघणाऱ्या एका ऑफिसात. कंटेनरचे कागद टाइप करायचे, एवढंच काम.

मामांची पन्नास-साठ मेंढरं आहेत. जेवण झाल्यावर त्यांच्यासोबत माळावर गेले... थंडीचे दिवस, आकाश स्वच्छ निळं.

आणि एकाएकी मेंढ्या चरायच्या थांबल्या. सगळ्या एकत्र आल्या आणि एकमेकींच्या पोटाखाली नाकं खुपसून उभ्या राहिल्या. भर उन्हाळ्यात करतात तसं, पण ऊन तर सौम्यच होतं. एकही ओरडेना, कोकरंसुद्धा गप्प...

मला गंमत वाटली. व्हिडिओ घ्यायला मोबाइल काढला, तर मामा हळूच म्हणाले, "तोंडाला ओढणी बांध, माय. आता येईल."

"काय येईल?"

"बांध तर."

पाच मिनिटं काहीच आलं नाही. आम्ही दोघं आणि समोर ती मुकी मेंढरं. खरं सांगते, त्या पाच मिनिटांचीच जास्त भीती वाटली.

मग वास आला. जळक्या रबराचा, जरा गोडसर, घशात चिकटणारा. मोबाइलच्या काचेवर बारीक काळे ठिपके पडायला लागले... पुसले तर तेलकट रेघ उमटली.

मामांनी एका मेंढीची लोकर बोटांनी फाकवून दाखवली. आत पांढरीशुभ्र. इतका वेळ मी तिला करड्या रंगाची समजत होते.

बाभळींच्या पलीकडे एक कारखाना झालाय. जुने टायर भट्टीत तापवून त्यांचं तेल काढतात, आणि ते तेल दुसरे कारखाने जाळायला नेतात.

"डिझेलपरीस सस्तं पडतं म्हन्तेत," मामा म्हणाले. "टायर आपल्याकडचे न्हाईत. भायेरच्या देशातून येऊन राह्यले." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू कंटेनरचेच कागद करती ना?"

साधाच प्रश्न होता. 'जुने टायर, कापलेले'... ही ओळ मी किती वेळा टाइप केली असेल. हे तेच टायर की दुसरे, माहीत नाही. माल पुढे कुठे जातो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी मामांना सगळं सांगितलं. त्यांनी एक कोकरू जवळ ओढून त्याची पाठ चोळली. मग म्हणाले, "यंदा सहा कोकरं गेली. खोकून खोकून."

"मी नोकरी सोडते, मामा."

"सोडून काय व्हईल? तुझ्या जागी दुसरं कोनी टाइप करंल. तुला हे कागद बराबर समजतेत. मंग तूच लिही."

मामांच्या घरी येऊन ओट्यावर बसून मी प्रदूषण मंडळाला तक्रारीचा अर्ज लिहिला. मामांनी पहिली सही केली, मग शेजारपाजारच्या अकरा जणांनी. ऑफिसात साहेबांना सांगितलं की टायरचे कागद मी करणार नाही... ते फक्त "बघू" म्हणाले.

अर्जाची पोच मिळालीय. धूर अजून सुरूच आहे. काल फोनवर मामा म्हणाले, दुपारी मेंढरं पुन्हा तशीच उभी राह्यल्ती.

मामा त्या दिवशी माझ्यावर चिडले असते, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी मला कामाला लावलं... हे उपकार मी विसरणार नाही.