पातळ दिसायला हवं

माझी पाठ कपाटाला टेकली होती. आणखी मागे सरकायला जागा नव्हती. तरीही कॅमेऱ्यात कमलताई कमरेपर्यंतच मावत होत्या.

"काकू, बसून बघायचं का?" मी विचारलं.

"बसले तर फाटेल. मग तू फोटो कशाचा काढणार?"

ही गोष्ट धारची. माझा स्टुडिओ तिकडेच, मध्य प्रदेशातल्या देवासला आहे. वडील कारखान्यात नोकरीसाठी इथे आले, मी इथेच जन्मलो. शाळा हिंदी, गल्ली माळवी, घरात मराठी. त्यामुळे मराठी बोलताना माझा पाय अधूनमधून घसरतो. हे लिहितानासुद्धा ऱ्हस्व-दीर्घ माझ्या बायकोने, रोहिणीने तपासलं आहे. ती नाशिकची, त्यामुळे या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा.

कमलताई धारच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा फोन आला तेव्हा आमची ओळखही नव्हती. कुणाच्या तरी लग्नातलं माझं काम त्यांनी पाहिलं होतं.

"फोटो एकच पुरे," त्या म्हणाल्या. "पण पातळ दिसायला हवं. अगदी स्पष्ट. तेवढं जमणार असेल तरच या."

"जमेल की, काकू. पातळच दिसेल."

हिंदी शब्दाच्या शेवटी ळ लावला की मराठी शब्द तयार होतो, असा माझा लहानपणापासूनचा समज. पतला म्हणजे पातळ. बाईंना फोटोत बारीक दिसायचं आहे. त्यात वावगं काय? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना तेच हवं असतं.

मला तर निमित्तच मिळालं. कॅमेऱ्यासोबत जी लेन्स मिळते तिला आम्ही किट लेन्स म्हणतो. माझी किट लेन्स एटीन-फिफ्टीफाइव्हची, म्हणजे अठरापासून पंचावन्नपर्यंत फिरवता येणारी. टोंकखुर्दची लग्नं, पीपलरावां गावातले वाढदिवस, सगळं तिच्यावरच निभावलं होतं. पण पोर्ट्रेटसाठी, म्हणजे एकट्या माणसाच्या निवांत काढलेल्या फोटोसाठी, वेगळी लेन्स घ्यायचं कधीचं मनात होतं. लेन्सवरचा हा आकडा मिलिमीटरचा असतो. तो जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं आणि तितकंच कमी फ्रेममध्ये मावतं.

इंदूरच्या ओळखीच्या दुकानदाराने फिफ्टी आणि एटी-फाइव्ह अशा दोन लेन्स दोन दिवस वापरून बघायला दिल्या. "भिया, पोर्ट्रेट बोले तो एटी-फाइव्ह. आँख बंद करके ले जाओ," तो म्हणाला. डोळे बंद करून मी भाजीही घेत नाही. अंगणात बाबांना खुर्चीवर बसवलं आणि एकामागून एक लेन्स लावून पाहिली. चेहरा प्रत्येक वेळी फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवायचा, त्यासाठी मीच पुढे-मागे व्हायचं. एटीनने तेवढा चेहरा घ्यायचा तर अगदी तोंडाशी जावं लागतं. तिथून बाबांचं नाक आधी पोचलं, कान कुठेतरी मागे राहिले.

"हा कोण?" बाबांनी विचारलं. "नाक ओळखीचं वाटतंय."

फिफ्टीने नाक जागेवर गेलं. एटी-फाइव्हसाठी मी पार फाटकापर्यंत मागे गेलो आणि काय चेहरा आला! गाल आत गेल्यासारखे, डोळे पाणीदार, मागची जास्वंद नुसती लाल धूसर. करामत खरं तर अंतराची असते, लेन्स फक्त तुम्हाला लांब उभं राहायला लावते. हे कळायला मला बाबांचे चाळीस फोटो काढावे लागले. शेवटी ते उठून आत गेले. मी एटी-फाइव्ह ठेवून घेतली आणि कमलताईंकडे निघालो.

पोचलो तेव्हा त्या तयार होऊन उभ्याच होत्या. जांभळं रेशमी नऊवारी, जरीचा रुंद काठ. शेजारच्या गीताभाभी निऱ्या सारख्या करत होत्या. खोली लहान, बारा फूट जेमतेम. मी फक्त चेहऱ्याकडे पाहिलं. खिडकीचा उजेड छान होता. भराभर वीस फोटो काढले आणि खूश होऊन त्यांना कॅमेऱ्यामागचा स्क्रीन दाखवला.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. चेहरा सुरेख, खांद्यावरचा काठ धूसर, त्याखाली काहीच नाही.

"आणि पातळ?"

"आहे ना, काकू. एकदम पातळ दिसताय."

"मी? मी पातळ? अरे, मी काय ताक आहे?"

मला काही कळेना. त्यांनी पदराचा काठ दोन बोटांनी हलकेच उचलला. "हे पातळ. नऊवारी लुगड्याला पातळ म्हणतात. देवासला म्हणत नाहीत का?"

आमच्याकडे साडी म्हणतात. मी कॅमेऱ्याचा स्क्रीन बंद केला.

"हे माझ्या आईचं," त्या सांगू लागल्या. "ती गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिचा एकही फोटो नाही. तिचा चेहरा आठवत नाही रे मला. काठ आठवतो. मी एवढीशी, तिच्या निऱ्या धरून मागे मागे फिरायचे. डोळ्यांसमोर सारखा तोच. ट्रंकेत राहून रेशीम कुजलंय. आज नेसले, आता सोडलं की संपलं. ते उभं असलेलं मला एकदा दिसायला हवं."

त्याच वेळी मांडीजवळ बारीक टर्र असा आवाज झाला. गीताभाभी ओरडल्या, "भिया, जल्दी करजो! जीजी को लुगड़ो फाटी रियो हे!"

दुसऱ्यांदा संधी नव्हती. एटी-फाइव्हने उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर माझ्या कॅमेऱ्याला वीस-बावीस फूट हवेत. मी कपाटाला टेकलो ते तेव्हा. बाहेर जायचं तर जिना होता, आणि जिना त्या पातळाला झेपला नसता. फिफ्टी असती तरीही दोन-तीन फूट कमीच पडले असते, आणि ती मी मोठ्या ऐटीत परत करून आलो होतो.

मग बॅगेचा तळ आठवला. फ्लॅश खडखडू नये म्हणून मी जुनी किट लेन्स नॅपकिनात गुंडाळून त्याखाली कोंबली होती. ती काढली, लावली, थर्टी-फाइव्हवर आणली. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं आलं, वर थोडी भिंतसुद्धा. एटी-फाइव्हसारखं मागचं धूसर करणं तिला जमत नाही, आणि आज नेमकं तेच हवं होतं. अडचण एकच, या लेन्सला उजेड कमी मिळतो, त्यामुळे फोटो हळू निघतो आणि समोरचं जरा हललं की फिस्कटतो. खिडकीचं दुसरं दार उघडलं. स्टुलावर डबे रचून त्यावर कॅमेरा ठेवला.

"काकू, अजिबात हलू नका."

"चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आले. काढ तू."

तिसऱ्या फोटोला निरी फाटत गेली. त्यांनी खाली पाहिलं नाही. सातव्या फोटोनंतर काठ सुटून पायावर पडला. सातातले दोन नीट आले होते. त्या दोन्हींत जरीचा धागा न् धागा मोजता येत होता. मला अक्षरशः हायसं वाटलं.

पंधरा दिवसांनी मी दोन बाय तीन फुटांची फ्रेम घेऊन धारला गेलो. फाटलेली जागा कॉम्प्युटरवर मिटवू का, असं आधीच विचारलं होतं. "मिटवू नको," एवढंच उत्तर आलं होतं. खिळा कुठे ठोकू, असं विचारल्यावर त्यांनी हात भिंतीवर माझ्या छातीपाशी टेकवला.

"काकू, फार खाली होईल. कुणाला दिसणार नाही."

"तू ठोक तर."

मी ठोकला. फोटो टांगला. कमलताईंनी पाट ओढला आणि फोटोसमोर हळूच बसल्या. वर चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांचे डोळे बरोबर निऱ्यांच्या समोर आले होते. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी हातोडी बॅगेत भरत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचेना.

एटी-फाइव्ह उत्तम लेन्स आहे, माझं रोजचं काम आता तिच्यावरच चालतं. पण फोनवर मी आधी खोली किती फुटांची आहे ते विचारतो. आणि कुणी पातळ म्हणालं की फोन रोहिणीकडे देतो.