आडनाव लोकांनी पुकारायचं

एकहार्ट ब्रुन्सला दोन आवाज आहेत, असं मी नेहमी म्हणते. एक आठवडाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतला, "क्लच... क्लच... अगं बाई, क्लच म्हणतोय मी!" आणि दुसरा शनिवारी दुपारी मैदानावरच्या लाऊडस्पीकरमधला. पहिल्या आवाजाने अर्ध्या हेमर्सफेल्ड गावाला गाडी शिकवली. दुसऱ्याने सव्वीस वर्षं आमच्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंची नावं पुकारली. त्यातली बावीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत काढली. गोलफलकाची बटणं माझ्याकडे, माईक त्याच्याकडे, आणि थर्मासमधली कॉफी दोघांत. मी गुड्रुन टेपे. दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं लोकांना "तोंड उघडा" सांगण्यात गेली, त्यामुळे माझं स्वतःचं कधी मिटत नाही, असं एकहार्ट म्हणतो. म्हणू दे.

आमची खोली म्हणजे उभ्यांच्या स्टँडच्या, जिथे लोक उभ्याने सामना बघतात त्याच्या, माथ्यावर ठेवलेला पत्र्याचा डबा. उन्हाळ्यात भाजून निघतो, जानेवारीत नाक गोठतं. खाली दोन हजार माणसं गळ्यात निळे-पांढरे मफलर घालून उभी. सामना सुरू व्हायच्या आधी एकहार्ट घसा खाकरायचा, टाय नीट करायचा (आत कोण बघतंय, पण टाय हवाच) आणि आकडा नि नाव घ्यायचा. फक्त नाव. आडनाव खालून स्टँडने ओरडायचं. तो म्हणणार "नंबर सात, येन्स...", की खालून दोन हजार गळे आडनावाचा दणका देणार. आपल्या माणसाचं आडनाव माईकवाल्याने घ्यायचंच नाही, ते लोकांचं. पाहुण्या संघाची नावं मात्र माईकवाल्यानेच पुरती वाचायची, नाव-आडनाव, सपाट आवाजात, किराणा सामानाची यादी वाचावी तशी. पाहुण्यांच्या नावाने घसा फोडायला आमचं कोण बसलंय!

गेल्या मोसमात मात्र आम्हाला साडेसाती लागली. ऑक्टोबरात पहिला प्रशिक्षक गेला, फेब्रुवारीत दुसरा. नाताळात आमचा एकुलता एक गोल करणारा पोरगा दुसऱ्या क्लबने उचलून नेला. सलग अकरा सामन्यांत एक विजय नाही. फलकावरचं आमच्या बाजूचं बटण गंजायचंच काय ते बाकी होतं. चौथ्या श्रेणीतून पाचवीत घसरणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. आणि लोकांचं कसं असतं, बुडायला लागलं की कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवं.

ते फुटलं टोर्बेन ओस्टरकाम्पच्या डोक्यावर.

टोर्बेन आमचा नंबर पाच, मधला बचावपटू. वय तेहतीस, उजवा गुडघा दोनदा कापलेला. आठवडाभर लोकांच्या घरांवर कौलं चढवतो, शनिवारी आमच्यासाठी आडवा पडतो. अकरा वर्षं हेच. गावातच जन्मलेला, एकहार्टकडेच गाडी शिकलेला. नोव्हेंबरात शेजारच्या गावाशी, म्हणजे जन्माच्या वैऱ्यांशी, सामना होता. एक-एक बरोबरी, नव्वदावं मिनिट, आणि या बाबाने मागे न बघता चेंडू गोलरक्षकाकडे ढकलला. गोलरक्षक आधीच पुढे धावून आलेला. चेंडू आमच्याच जाळ्यात चालत गेला. धावत नाही हो, चालत! मी तो सगळा रस्ता बघितला आणि मग स्वतःच्या हाताने पाहुण्यांचं बटण दाबलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या संघात टोर्बेनच्या बायकोचा भाऊ खेळतो. सामना संपल्यावर त्याने टोर्बेनच्या खांद्यावर हात टाकला, काहीतरी म्हणाला, आणि टोर्बेन कसनुसा हसला. कोणीतरी नेमका तेव्हाच फोटो काढला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मेव्हण्याला गोल आंदण दिला म्हणून.

पुढच्या घरच्या सामन्याला एकहार्टने नेहमीप्रमाणे पुकारलं, "नंबर पाच, टोर्बेन..."

खालून काही नाही. स्टँडच्या पुढे भोंगा घेऊन घोषणा द्यायला उभा राहणारा डेटलेफ, आमचा पोस्टमन, त्याने गप्प राहायची खूण म्हणून हात वर केला होता आणि दोन हजार माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होती. मैदानावर टोर्बेन रांगेत ताठ उभा. मला तर तिथल्या तिथे खाली जाऊन डेटलेफचा भोंगा त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला.

आणि एकहार्टला राहवलं नाही. दोन सेकंद, तीन सेकंद, मग तो स्वतःच माईकमध्ये म्हणाला, "...ओस्टरकाम्प."

दयेपोटी म्हणाला. पण तोंडातून शब्द गेला आणि मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आमच्या माईकवरून पुरतं नाव कोणाचं जातं? पाहुण्यांचं. खालून हशा पिकला. डेटलेफ भोंग्यातून ओरडला, "बरोबर बोललास, एकहार्ट! पाहुणाच आहे तो!" आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"गुड्रुन," एकहार्ट माईक बंद करून म्हणाला, "काय केलं मी हे?"

"माती खाल्लीस," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग होता?

सामन्यानंतर सॉसेजच्या टपरीपाशी टोर्बेन आम्हाला गाठायला आला. केस ओले, पिशवी खांद्यावर. आमच्या क्लबात अध्यक्ष सोडून सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात.

"एकहार्ट, एक विचारू?"

"विचार ना."

"ते गप्प बसले, ते मी समजू शकतो. मीही स्टँडमध्ये असतो तर बसलो असतो. पण तूसुद्धा?"

"अरे, मला वाटलं, तुझं नाव तसंच लोंबकळत राहू नये."

"अकरा वर्षं झाली," टोर्बेन म्हणाला, "आणि मी पाहुण्यांच्या यादीत." तो चिडला नव्हता, तेच जास्त वाईट. त्याने सॉसेजही घेतलं नाही, तसाच गाडीत बसून गेला.

त्यानंतर एकहार्टने आडनाव घेतलं नाही. "नंबर पाच, टोर्बेन..." म्हणायचा आणि थांबायचा. शांतता. मग नंबर सहा. प्रत्येक वेळी तेवढी जागा रिकामी जायची, आणि दर वेळी मला वाटायचं, आता कोणी तरी तोंड उघडेल. स्टँडची सवय लवकर लागते, गप्प बसायचीसुद्धा. मी डेटलेफला टपाल घेताना दारातच सुनावलं, "तीनदा नापास झालास गाडीच्या परीक्षेत, तेव्हा एकहार्टने तुला हाकलून दिलं होतं का रे?" तो म्हणाला, "ती गोष्ट वेगळी, गुड्रुन, आणि हे तुझं विजेचं बिल." नि सायकल वळवून गेला.

अध्यक्षांनी तर कळस केला. मार्चमध्ये स्वतः वर आले, धापा टाकत. "ब्रुन्स साहेब, ती शांतता फार वाईट दिसते हो. माझा भाचा ध्वनिमुद्रणाचं काम करतो. गर्दीचा आवाज स्पीकरवरून वाजवता येईल. ओस्टरकाम्प, ओस्टरकाम्प, हवा तेवढा मोठा."

एकहार्टने थर्मासचं झाकण लावलं. "मग लोक कशाला बोलावता? तेही ध्वनिमुद्रित करा."

अध्यक्ष गेले. मग एकहार्ट म्हणाला, "मी त्याला आत घ्यायला गेलो, गुड्रुन, आणि दाराबाहेर उभा केला. आणि ते निस्तरणं माईकवरून होण्यासारखं नाही. इथून मी काहीही म्हटलं, तरी ते माईकवाल्याचंच म्हणणं."

एप्रिलात टोर्बेनने सांगून टाकलं, की मोसम संपला की बूट खुंटीला. गुडघा साथ देत नाही. म्हणजे मेमधला शेवटचा घरचा सामना हा त्याचाही शेवटचा. त्या आठवड्यात एकहार्टचं शिकवण्याकडे लक्ष नव्हतं. त्याच्या एका विद्यार्थिनीने एकेरी रस्त्यात उलटी गाडी घातली तरी याला पत्ता नाही. त्याला एकच घोर लागला होता: पोराचं नाव शेवटच्या वेळी पुकारलं जाईल आणि तेही रिकामंच पडेल, आणि याची सुरुवात आपण केली.

मेचा तो शनिवार छान होता. ऊन, लिंडेनच्या झाडांना पालवी, लोकांच्या हातात बिअर. जिंकलो तर वाचायची थोडी आशा होती. सुरुवातीला नावं पुकारली. "नंबर पाच, टोर्बेन..." आणि तीच शांतता. एकहार्टने नंबर सहा घेतला.

सत्तराव्या मिनिटाला आम्ही दोन-शून्यने मागे होतो आणि सगळं संपल्यात जमा होतं. कोणी शिव्या देत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. आमची माणसं तशीच, डोळे कोरडे ठेवून बुडतात. त्र्याऐंशीव्या मिनिटाला कडेला बदलीची पाटी वर गेली. लाल आकडा पाच. टोर्बेनला बाहेर काढत होते.

बाहेर जाणाऱ्याचंही नाव पुकारायचं असतं. एकहार्ट उठला. त्याने माईक माझ्यापुढे ठेवला.

"तू म्हण."

"मी? वेड लागलंय का तुला?"

"फक्त नाव. आणि मी खाली पोचेपर्यंत थांब."

"एकहार्ट, सामना चालू असताना खोली सोडलीस तर अध्यक्ष..."

पण तो निघालाही. सव्वीस वर्षांत सामन्याच्या वेळी तो कधी त्या दारातून बाहेर पडला नव्हता, लघवीलासुद्धा नाही. काचेतून मला त्याचं टक्कल दिसत होतं, गर्दीतून वाट काढत, "जाऊ द्या, जाऊ द्या" करत. लोक वळून बघत होते. माईकवाला खाली? टाय लावलेला माणूस उभ्यांच्या स्टँडमध्ये? टोर्बेन गुडघ्यावर हात ठेवून सावकाश कडेला चालत होता, आणि एकहार्ट डेटलेफच्या बाजूला, कठड्याला टेकून उभा राहिला. मी माईकचं बटण दाबलं.

"नंबर पाच," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "टोर्बेन..."

"ओस्टरकाम्प!"

एकटा आवाज. माईक नाही, स्पीकर नाही, सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचा उघडा घसा, आणि तो मधेच फाटला. दोन हजार माणसांत तो केवढासा वाटला! टोर्बेन थांबला. त्याने मान वर करून आमच्या डब्याकडे बघितलं, मग आवाज कुठून आला ते शोधलं.

गोल झाला की करणाऱ्याचं नाव तीनदा पुकारतात. गोल कुठे झाला होता? पण मी कोणाला विचारते! मी परत म्हटलं, "टोर्बेन..."

या वेळी एकहार्टबरोबर आणखी काही होते. सॉसेजच्या टपरीतली बाई चिमटा हातात घेऊन ओरडत होती. डाव्या कोपऱ्यातले काही म्हातारे, दोन-चार बायका.

"टोर्बेन..."

तिसऱ्यांदा सगळा स्टँड ओरडला असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं झालं नाही. अर्ध्याहून कमीच असतील. पण ते मनापासून ओरडले, आणि टोर्बेनने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तसाच चालत बाहेर गेला. मी चष्मा काढून पुसला. नंतर आत आलेल्या पोराचं नाव घ्यायचं मी साफ विसरले, त्याची आई अजून माझ्याशी बोलत नाही.

सामना दोन-शून्यनेच संपला आणि आम्ही पाचव्या श्रेणीत गेलो. निकाल मीच वाचला. एकहार्ट वर आलाच नाही. शिट्टी वाजल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत अशा वेळी, नुसते उभे राहतात. मी काचेतून बघत राहिले. टोर्बेन रबरी चपला घालून, गुडघ्याला बर्फ बांधून, कठड्यापाशी आला. एकहार्ट त्याला काय म्हणाला ते मला नंतर कळलं: "त्याच दिवशी खाली यायला हवं होतं मी."

"आलास ना," टोर्बेन म्हणाला.

"सहा महिन्यांनी."

"तुझ्या वयाला पायऱ्या जास्त आहेत."

मग टोर्बेनने तो चांगला पाय कठड्यावरून टाकला. दुसरा पाय येईना. एकहार्ट एका बाजूने ओढत होता, पण त्याच्याने ते कसलं झेपतंय! डेटलेफ शेजारीच उभा होता, खाली मान घालून. त्याने भोंगा जमिनीवर ठेवला, टोर्बेनच्या दुसऱ्या काखेत हात घातला आणि त्याला उचलून आत घेतलं. माफी कोणी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. मागचे लोक मात्र अर्धं अर्धं पाऊल सरकले, आणि टोर्बेनला उभं राहायला जागा झाली.