दुसऱ्याची खूण

आमचा लंबू कुठल्याही दारातून आत शिरताना दोन्ही बाजूंच्या चौकटीला हात लावतो. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग आत. बँकेत, दवाखान्यात, लोकांच्या घरी, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे. नवख्या माणसाला वाटतं, फार श्रद्धाळू दिसतोय. माझ्या नवऱ्याला तर लग्नानंतर कितीतरी दिवस वाटत होतं, की मेहुण्याची नजर अधू आहे आणि घरच्यांनी ते लपवून ठेवलंय.

मी लंबूची मोठी बहीण. कपडे शिवते, आणि त्याच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर कात्री खाली ठेवून त्याच्याशी नीट बोलते. लोकांनी त्याने खाल्लेले गोल मोजले, मी त्याच्या बाह्या मोजल्या आहेत. तेव्हा त्याची हकीकत माझ्याकडूनच ऐकलेली बरी.

आमच्या घराची पुढची खोली माझ्या शिलाई मशीनची आणि मागची बाबांच्या सुतारकामाची. पुढे चिंध्या, मागे भुसा, आणि मधल्या स्वयंपाकघरात या दोन्हींशी झाडू घेऊन लढणारी आई. बाबा दारं-खिडक्यांच्या चौकटी करायचे. बोलणं कमी, कानावर पेन्सिल, आणि कामाच्या बाबतीत एकच हट्ट. दुसऱ्याने आखलेल्या रेघेवर ते करवत चालवायचे नाहीत. मग ती रेघ त्यांच्या जुन्या जोडीदाराने का आखलेली असेना. आधी ती खूण पुसायची, दोन्ही टोकांकडून पुन्हा माप घ्यायचं, आपली रेघ आखायची आणि मग करवत. मीही तशीच. दुसऱ्या शिंप्याने खडूने आखलेलं कापड आलं, की आधी ब्रश मारून सगळा खडू झटकते. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

लंबूचे हात जन्मापासूनच अंगाला मोठे. शाळेचा सदरा नवा घेतला तरी मनगट उघडंच. त्याच्या क्रीडाशिक्षकांनी एकदा त्याला वर्गातली उंचावरची खिडकी बाकावर न चढता बंद करताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी त्याला फुटबॉलच्या गोलमध्ये उभं केलं. तिथून तो गावच्या क्लबच्या कुमार संघात गेला आणि मग पगारी खेळाडू झाला. क्लबचा करार झाला त्या दिवशी आई दोनदा रडली. बाबांनी रंधा थांबवला, करारावर नजर फिरवली आणि विचारलं, "बरं. आणि काम कधी बघणार?"

त्यांना ते काम वाटतच नव्हतं. गिऱ्हाइकांनी विचारलं, मुलं काय करतात, की ते सांगायचे, "मोठी शिवते." मग जरा थांबून, "धाकटा खेळतो." त्या 'खेळतो'मध्ये असं काही असायचं, की गिऱ्हाईक पुढे विचारायचंच नाही. लंबू हे ऐकून हसायचा. पण तो माझा भाऊ आहे, त्याचं कुठलं हसू खरं आणि कुठलं ओढूनताणून आणलेलं, ते मला कळतं. मैदानात पाऊल टाकायचं तर बाबा नावच काढायचे नाहीत. "पोरं चेंडू मारणार, हा उड्या मारणार. बसून बघायचं काय त्यात?"

मी मात्र जायचे. क्लबची जर्सी त्याला बाहीत तोकडी पडायची, म्हणून मनगटाला तशाच रंगाच्या कापडाची पट्टी जोडून द्यायचे. टीव्हीवर कधी त्याचे हात जवळून दाखवले, की मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोट दाखवून सांगायचे, ती शिलाई माझी. अंगावर मूठभर मांस चढायचं. अजूनही चढतं.

आता ज्याने सगळं बिघडलं ते सांगते. गोलकीपरची पाठ गोलकडे असते. समोरून माणसं धावून येत असताना मागे वळून खांब कुठे आहेत ते बघायला त्याला सवड नसते. म्हणून बरेच गोलकीपर गोलच्या बरोबर मध्यावर, जरा पुढे, बुटाच्या टाचेने गवतात एक बारीक रेघ ओढून ठेवतात. नियमाने ते चालत नाही, पंचाने पाहिलं तर कार्ड दाखवतो, पण गुपचूप ओढतात. पायाखाली रेघ आली, की कळतं आपण मध्यावर आहोत. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. म्हणजे उत्तरार्धात तुम्ही ज्या गोलमध्ये उभे राहता तिथे समोरच्या गोलकीपरची रेघ असते. ती पायाने मोडायची आणि आपली ओढायची.

मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकलो असतो तर क्लब वरच्या लीगमध्ये जाणार होता. मध्यंतरानंतर लंबू हातमोज्याचा पट्टा आवळत गोलकडे पोचतो न पोचतो तोच शिट्टी झाली आणि समोरचे चालूनच आले. त्याने खाली पाहिलं, रेघ दिसली, तो तिच्यावर उभा राहिला. चेंडू त्याच्या उजवीकडून आला. तो बाहेर जातोय असं त्याला स्वच्छ दिसलं. म्हणून त्याने दोन्ही हात वर केले. सोडा, बाहेर चाललाय, हे आपल्या खेळाडूंना सांगायची गोलकीपरांची ती रीत आहे. चेंडू उजव्या खांबाच्या आतल्या अंगाला लागून आत गेला. आणि आमचा लंबू हात वर करून उभा.

सामना तेवढ्या एका गोलने गेला. नंतर समोरचा गोलकीपर त्याच्याजवळ आला. भला माणूस असावा. म्हणाला, "माझ्या रेघेवर उभा होतास का रे? माझा डावा खांदा दुखतो. मी मुद्दामच डावीकडे वीतभर सरकून उभा राहतो." म्हणजे उजवा खांब लंबूला वाटला त्याहून वीतभर लांब होता.

गावाने दुसऱ्याच दिवशी त्याचं नवं नाव ठेवलं. 'या, बसा.' दारात उभं राहून पाहुण्यांना आत घ्यावं तसं याने चेंडूला घेतलं, म्हणून. बाजारात गेला की मागून आवाज यायचा, "या, बसा!" माझ्याकडे पँट कमी करायला आलेल्या एकानेही, मी खाली बसून माप घेत असताना, हा विनोद केला. माझी टाचणी जरा खोल गेली. त्यानंतर तो गप्प उभा राहिला.

 तिसऱ्या दिवशी घरी जेवताना लंबूने रेघेची गोष्ट सांगितली.  आम्हा मायलेकींना वाटलं, आता बाबा म्हणणार, झाली ना हौस, धर करवत. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"दुसऱ्याच्या खुणेवर उभा राहिलास?"

"हो."

"पुन्हा मोजलं नाहीस?"

"शिट्टी झाली होती, बाबा."

"शिट्टी झाली म्हणून? या घरात वाढलास आणि दुसऱ्याच्या खुणेवर? कामात असं चालत नाही."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. बाबा 'काम' म्हणाले होते. लंबूच्याही ते लक्षात आलं. बोलणी खाऊन एवढा सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्याने खाली मान घातली, पण कान लाल झाले होते.

"उद्यापासून मागे ये," बाबा म्हणाले. "चौकट धरायला माणूस पाहिजे."

मोसमानंतरची ती सगळी सुट्टी तो मागच्या खोलीत होता. सुतार म्हणून तो दिव्यच निघाला. एक फळी उभी चिरली, एक चौकट अशी बसवली की दार आपोआप उघडायचं. पण दुपारी काम थांबलं, की बाबा त्याला एखाद्या रिकाम्या चौकटीत पाठ करून उभं करायचे. मधली दारं उघडी असायची, मशीनवरून मला सगळं दिसायचं.

"उजवी बाजू कुठे आली?"

लंबू मागे न बघता हात करायचा. बाबा टेप लावायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." मग त्याला चार पावलं इकडेतिकडे फिरवायचे, पुन्हा उभं करायचे. आधी दोन्ही बाजूंना हात लाव, मग पुढे हो, मग सांग. पुन्हा. किती वेळा पुन्हा, ते देव जाणे. सुट्टी संपता संपता एका दुपारी बाबांनी टेप लावला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून शाबासकी मिळायची ती अशीच. दाराला हात लावायची सवय लंबूला तेव्हापासून जडली.

क्लबने मात्र तोवर दुसरा गोलकीपर आणला होता. लंबू राखीव झाला, आणि वर्षं गेली. राखीव गोलकीपरचं जिणं वाईट. बाकीच्या राखीव खेळाडूंना थोडा वेळ तरी उतरवतात, गोलकीपरला कोण बदलतंय? हातमोजे घालून बसायचं आणि हातमोजे काढून घरी यायचं. सराव मात्र त्याने एक दिवस चुकवला नाही. कधीकधी मला वाटायचं, पुरे झालं, सांगावं याला. पण तोंडाशी आलेलं गिळून मी पट्टी शिवायचे. न खेळणाऱ्याच्या जर्सीलाही बाही पुरायला हवी.

शेवटी तो मुख्य गोलकीपर मोठ्या क्लबात गेला. कोचने इकडेतिकडे न बघता लंबूला उभं केलं. एव्हाना त्याचे केस विरळ झाले होते आणि करार त्या मोसमापुरताच उरला होता. मोसमभर तो असा खेळला, की टिंगल करणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. आणि नशीब बघा, पुन्हा तेच. शेवटचा सामना, आमचंच मैदान, जिंकलं तर वरची लीग. हरले असते तर कोच म्हातारा गोलकीपर पुढच्या वर्षी ठेवणार नव्हता, आणि लंबूचं खेळणं 'या, बसा' या नावावरच संपणार होतं. हे त्याला माहीत होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्यावर बोललं नाही.

सामन्याच्या सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून पुढच्या खोलीत आले आणि मला म्हणाले, "निघायचं ना?" मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर परत आत गेले असते.

पूर्वार्धात आमच्यांनी एक गोल केला. बाबांचं त्याकडे लक्षच नव्हतं. आजूबाजूला सगळे उभे राहून ओरडत होते आणि हे गुडघ्यांवर हात ठेवून आपल्या पोराच्या पायांकडे बघत बसले होते. मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. लंबू त्याच जुन्या गोलकडे आला. खाली बघितलं. बुटाने गवत घासलं, पुन्हा घासलं. मागे गेला, डाव्या खांबाला हात लावला, चालत जाऊन उजव्याला लावला, पुढे आला आणि टाच टेकवली. समोरच्यांचे समर्थक शिट्ट्या मारत होते, आमच्यातलाही एक जण करवादला, "अरे आटप की!"

"पुसली," बाबा म्हणाले.

"काय?"

"खूण. त्याची पुसली, आपली केली."

सामना संपत आला तेव्हा समोरचा एक जण एकटाच सुटला आणि त्याने उजव्या खांबाच्या रोखाने मारला. माझ्यासकट सगळ्यांना वाटलं, बाहेर गेला. आमच्या एका बचावपटूने तर सोडायची खूण म्हणून हातही वर केले. आणि लंबू झेपावला. अख्खा लांबच्या लांब. बोटांची टोकं तेवढी लागली आणि चेंडू खांबाच्या बाहेरच्या अंगाला घासून गेला. क्षणभर कुणाला कळेना, हा बाहेरच्या चेंडूसाठी का उडी मारतोय. पंचाने कॉर्नर दिला तेव्हा उजेड पडला, की याची बोटं लागली होती, नाहीतर तो आत चालला होता. मग मात्र मैदानाने त्याला डोक्यावर घेतलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आज पाहुण्यांना दारातूनच परत पाठवलं!" आणि सगळे खळखळून हसले. मीही हसले, रडत रडत.

आम्ही जिंकलो. पुढे लंबू वरच्या लीगमध्ये खेळला, चांगला खेळला. आता तो क्लबच्या नव्या गोलकीपरांना शिकवतो आणि पहिल्याच दिवशी त्यांना हातमोजे काढायला लावून दारात पाठ करून उभं करतो. त्याबद्दल मी रात्रंदिवस सांगू शकते. पण माझा जीव अडकलाय तो त्या दुपारच्या शेवटात.

लोक खाली मैदानात धावत होते. बाबा जागेवरून उठले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. शेजारच्या गृहस्थांनी त्यांचे डोळे बघून विचारलं, "कोण तुमचा?"

"मुलगा," बाबा म्हणाले. "गोलकीपर आहे."

"काय तयार झालाय हो! शिकला कुणाकडे?"

"माझ्या हाताखाली."

गृहस्थ अदबीने जरा सरकले. "अच्छा, म्हणजे तुम्हीही गोलकीपर होतात?"

"छे," बाबा म्हणाले, "मी सुतार."

गृहस्थांना काही उलगडेना. म्हाताऱ्याला गर्दीचा त्रास झाला असावा, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती चिरलेली फळी आठवली, आपोआप उघडणारं दारही आठवलं. मी डोळे पुसले आणि त्यांना सांगितलं, "बरोबर सांगताहेत ते."