इनासचा जुना आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बँडमधल्या बाकीच्यांना नाही, आणि इनासला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही इनासला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर आत्ताही गप्प बसलो असतो — तेवढा मी हुशार आहे.

आमचा रॉक बँड 'खाजण'. कॉलेजात असताना जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सुरू झाला. मी गिटार वाजवायचो, इनास गायचा. तो जवळच्याच डोंगरी गावचा, घरची मासेमारीची बोट असलेल्या ख्रिस्ती घरातला. मी रत्नागिरीहून इथे आलेल्या मास्तरांचा मुलगा. मराठीत एवढा आरडाओरडा तेव्हा कोण ऐकणार होतं? पण ऐकला लोकांनी. अल्बम निघाले. 'भरती' नावाच्या गाण्यात इनास दोनदा असा सूर वर न्यायचा की पोरं बाकांवर चढायची. ते गाणं मी लिहिलं होतं. चालही माझीच. टी-शर्टवर तोंड मात्र इनासचं छापलं गेलं.

जुन्या बँडचं पुढे काय होतं, ठाऊक आहे? नवं गाणं सुरू केलं की लोक पाणी प्यायला उठतात. माजी विद्यार्थ्यांची संमेलनं, खाऊ-जत्रा, बिल्डरच्या टॉवरचं उद्घाटन — आम्ही सगळीकडे वाजवलं, आणि सगळीकडे एकच फर्माईश, 'भरती'. आणि नेमका इनासचा वरचा सूर गेला. डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणून सांगितलं. काही महिने गाणं बंद, आवाजाचे व्यायाम, मग बघू. तो व्यायाम इमानदारीत करत होता, पण गाणं काही त्याला बंद करवेना.

इथे माझा लॅपटॉप आला. स्टेजवर तो माझ्या पायाशी असतो. त्यातून ड्रमरच्या कानात ठोका जातो, मागची व्हायोलिनं वाजतात. सगळेच करतात, त्यात पाप नाही. मी त्यात जुन्या अल्बममधला इनासचाच आवाज घातला — फक्त त्या वरच्या सुरांपुरता. गायकाच्या कानातही इयरफोन असतो. त्यात काय ऐकू जाईल, ते मीच ठरवायचो, आणि त्या सुरांपुरता त्याचा माईकही मीच बारीक करायचो. इनासने तोंड उघडलं आणि त्याच्या कानात त्याचा पंचविशीतला गळा वाजला.

त्याला कळलं नाही? कसं कळणार — ज्याला हवं ते मिळालं, तो चौकशी कशाला करतो?

शो संपल्यावर मला मिठी मारून रडला. "आवाज परत आला रे! डॉक्टरला काय कळतंय?" दुसऱ्या दिवशी गावच्या चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आला. व्यायाम सोडले. डॉक्टरकडे जाणं सोडलं. मी बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला — हा तुझा जुना आवाज आहे, गाठ तशीच आहे. मी म्हणालो, "मस्त गातोयस." प्रत्येक शोनंतर म्हणालो.

बँड वाचवायला केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोटं आहे ते. मला मजा यायची. एवढी वर्षं ज्याच्या मागे उभा राहिलो, त्याचा गळा माझ्या बोटाखाली होता. ही मजा कशी असते, सांगू? नको. वाईट असते एवढंच समजा.

मग एका पोराने त्याच्या चॅनेलसाठी आमची मुलाखत घेतली. इनास माझ्या खांद्यावर हात टाकून हसत म्हणाला, "गिटारवाला काय, कुठेपण मिळतो. गळा देव देतो." थट्टाच होती. मीही हसलो.

नंतरचा शो डोंगरीत, चर्चच्या सणाचा. त्याचं गाव, त्याचा मांडव. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्याची आई, ठेवणीतलं लुगडं नेसून. शेवटी 'भरती' आलं. सूर वर जायच्या क्षणी मी जुना आवाज बंद केला आणि त्याचा माईक मोठा केला.

जे बाहेर आलं ते गंजक्या बिजागरीसारखं होतं. आधी मागची पोरं हसली, एकाने तसाच आवाज काढून दाखवला, मग बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. इनासने माझ्याकडे पाहिलं. कानाकडे बोट दाखवलं — ऐकायचं काही बिघडलंय का? मी अंगठा दाखवला. सगळं ठीक आहे, गा. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि दुसऱ्या वेळचा सूरही घेतला. पूर्ण दम लावून. त्याची आई खाली मान घालून बसली होती.

नंतर मांडवामागे तो एकटाच बसला होता. मला म्हणाला, "मी माजलो रे. देवाचं नाव घेऊन फुशारकी मारली, म्हणून त्यानेच गळा काढून घेतला. असंच ना?"

मी म्हणालो, "असेल."

त्यानंतर तो गायला नाही. पुढे ऑपरेशन झालं, पण फार उशीर झाला होता. आता बोलतो तेही खरखरीत. आमचा बँड चालू आहे. नवा गायक आहे, बरा आहे, माझं ऐकतो.

मध्यंतरी इनासची आई गेली. त्यांच्या घरात शेवटचं गीत मुलाने म्हणायची रीत आहे, तिनेही तसं सांगून ठेवलं होतं. सकाळी त्याचा मला फोन आला. "आयचं गीत मी म्हणू काय रे? हळू म्हणेन. तू गाण्यातला माणूस हायस, खरं सांग. लोक समजून घेतील ना?"

तेव्हा तरी? तेव्हा माझं काय जाणार होतं? भांडण कसलं उरलं होतं?

मी म्हणालो, "नको इनास. हसतील."

मी मातीला गेलो होतो. गीत त्याच्या चुलतभावाने म्हटलं. इनास खड्ड्याच्या कडेला ओठ घट्ट मिटून उभा होता. सगळं उरकल्यावर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाला, "बरं झालं तू सांगितलंस. न्हाय तर आयच्या मातीतपण हसं झालं असतं."

मी मान डोलावली.