डाव्या कडेचा मेनू

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर डावीकडच्या गल्लीतून आलेल्या टेम्पोची सरांच्या स्कूटरला धडक बसली. टेम्पो सावकाश येत होता आणि त्याचे दिवे लागलेले होते, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं.

आयटी कंपन्या शहरात भराभर उघडत होत्या, तेव्हा सर कर्वेनगरमध्ये एका इमारतीच्या वरच्या खोलीत वेबसाइट बनवायला शिकवायचे. कोणी काय शिकायचं हे पहिल्या दिवशी तेच ठरवत. एखाद्या हॉटेलची वेबसाइट पडद्यावर लावून गप्प बसत. बटण वाकडं आहे म्हणणारा फ्रंट-एंडला, म्हणजे दिसणाऱ्या भागाला. बटण दाबल्यावर ऑर्डर कुठे जाते, असं विचारणारा मागच्या कामाला, बॅक-एंडला. एकदा ठरलं की बदल नाही. "आपण नाटकाला आला नाहीत, खुर्ची बदलून मिळणार नाही," एवढंच ते ऐकवत.

सर स्वतः फ्रंट-एंडचे. रेघ जराशी सरकलेली असली तरी त्यांना दारातून दिसते, अशी त्यांची ख्याती होती. आमच्या वर्षी मात्र त्यांनी ती परीक्षा घेतलीच नाही. अख्खी बॅच बॅक-एंडला बसवली. कारण विचारल्यावर म्हणाले, "दिसतं त्याचं काय घेऊन बसलात?"

येरवड्याहून येणारी वैशाली तेवढी अडून बसली. तिला फ्रंट-एंडच करायचं होतं. तिने घरून एक पान बनवून आणलं. क्लासच्या मशीनवर उघडताच त्याच्या डाव्या कडेचा बटणांचा मेनू घसरून मजकुरावर आला. आम्हा सगळ्यांना तो दिसत होता. सर पडद्याजवळ वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नीटनेटकं आहे. तरी बॅक-एंडच करा."

वैशालीने वाद घातला नाही. त्या दिवसापासून ती पानाऐवजी सरांकडे पाहू लागली. डाव्या हाताशी ठेवलेला चहा तसाच निवून जाई. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागे, नेहमी त्याच बाजूचा. तिने विचारलं तेव्हा चष्म्याचा नंबर बदललाय, असं ते म्हणाले.

त्या सोमवारी क्लास सुटल्यावर ती जिन्याखाली स्कूटरपाशी थांबली.

"सर, किल्ली द्या. मी सोडते तुम्हाला धायरीला, घरी. वाटेतच आहे."

"येरवड्याला जाताना धायरी कधीपासून लागायला लागली?" असं विचारून सरांनी किक मारली.

अपघातात मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात डोळेही तपासले. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. कडेची गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वैशाली भेटायला गेली आणि सरांच्या डाव्या हाताला, खाटेशेजारी उभी राहिली. सर समोरच्या नर्सशी बोलत होते.

"सिस्टर, वैशाली नावाची मुलगी येईल. तिला आत सोडा. फ्रंट-एंडला बसवायचीय तिला."