बाण नेला की अक्षरं गायब

महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. तिथे मी शिकवायला होते. पोलादपूरच्या पुढच्या आमच्या वाडीतून सकाळच्या पहिल्या एसटीने यायचं, कुलूप काढायचं, केर काढायचा, सहा कॉम्प्युटर पुसायचे आणि मग शिकवायचं. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणत. सर अकराला यायचे. त्यांना कॉम्प्युटर चालू करता यायचा. बंद करायला मात्र ते मला हाक मारत.

त्या वर्षी चोरीच्या सॉफ्टवेअरवर धाडी पडताहेत अशी हूल उठली आणि सर घाबरले. एका मासिकाबरोबर आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी माझ्यापुढे टाकून म्हणाले, "हे फुकट असतं म्हणे. बसव." आठ दिवस झटून मी ते सहाही मशीनवर बसवलं.

त्याच सुमारास प्राथमिक शाळांचे शिक्षक क्लासला येऊ लागले. त्यांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली होती. आमचे मॉनिटर जुने, मळकट. राखाडी बटणांवरची बारीक अक्षरं त्यांना दिसतच नसत. नाते गावाहून एक बाई येत, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या. त्या पडद्याला नाक टेकवून बसत. मला ते बघवेना.

शोधता शोधता मला एक फाइल सापडली. बटणं, मेनू, खिडक्यांच्या कडा, सगळ्यांचे रंग तिच्यात लिहिलेले असतात. साधं बटण कोणत्या रंगाचं, माऊसचा बाण वर नेल्यावर कोणतं, दाबल्यावर कोणतं, आणि त्या त्या वेळी अक्षरांचा रंग कोणता. प्रत्येक रंगाला सहा आकडे-अक्षरांची खूण. शिकवायला कुणी नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानांवर खुणा लिहून एकेक बदलत गेले. महिनाभराने जमलं: मागे फिकट पिवळा, अक्षरं काळीभोर, बाण नेला की पट्टी गडद निळी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं. नात्याच्या बाई म्हणाल्या, "आता चष्मा सावरावा लागत नाही गं." त्या दिवशी मी एसटीत उभी राहून घरी गेले तरी पाय दुखले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात तालुक्याचे एक साहेब क्लास बघायला आले. रंग बघून म्हणाले, "वा, हे कुणी केलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "आमच्या भाच्याने. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे." आणि माझ्याकडे वळून, "तीन चहा सांग गं खाली."

मी जिना उतरले. चहा सांगितला. वर येताना प्रत्येक पायरीवर मी ठरवत होते की सरांना सोडायचं नाही.

साहेब खूश झाले होते. भाच्याने येऊन सगळ्या शिक्षकांना हे दाखवावं असं ठरलं. रविवार नेमला. त्या सकाळी कुलूप काढून मी केर काढला नाही. थेट पुढच्या मशीनवर बसले आणि त्या फाइलीत एकच ओळ बदलली. बाण वर आल्यावर अक्षरांचा जो पांढरा रंग होता, तिथे पट्टीचाच गडद निळा लिहिला. निळ्यावर निळं. लांबून सगळं ठीक दिसणार; जवळ जाल तिथलं नाव पुसलं जाणार.

भाचा आला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. शिक्षक दाटीवाटीने बसले. सरांनी दहा मिनिटं त्याचं कौतुक केलं. त्याने मेनू उघडला, बाण खाली नेला आणि नाव गेलं. पुढच्या नावावर नेला, तेही गेलं. बाण हलेल तिथे नुसती निळी पट्टी. तो घामाघूम झाला. "व्हायरस असेल," म्हणाला. मागे कुणीतरी हसलं. मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला टेकून हाताची घडी घातली.

सर पुटपुटले, "बघ गं जरा."

"ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा ना, सर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मग गडबडलेल्या भाच्याने माऊस शेजारी बसलेल्या नात्याच्या बाईंच्या हातात दिला. "बाई, तुम्ही बघता करून?" बाईंनी बाण नेला, चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. हळूच म्हणाल्या, "मला काहीच दिसत नाही रे. आता डोळेच गेले वाटतं."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी पुढे गेले. "बाई, डोळे नाही गेले तुमचे. मी केलंय हे." भाच्याला उठवून बसले, फाइल उघडली, ओळ पूर्ववत केली, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केलं. नावं दिसू लागली. "हे रंग मी केले. आणि आजची ही खोडही माझीच."

सरांनी नुसता हात पुढे केला. मी क्लासच्या किल्ल्या त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवल्या.

भाचा धावत माझ्या मागे एसटी स्टँडवर आला. "मी केलंय असं मी कधीच म्हटलं नव्हतं. मामांनीच परस्पर सांगितलं."

"पण नाही असंही म्हणाला नाहीत," मी म्हटलं. त्याने मान खाली घातली. मला दया आली नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग नीट कशाला केलंस गो? ऱ्हाऊ द्यायचं तसंच."

"त्या बाई घाबरल्या, आई."

"त्यांच्या कानात सांगायचं. त्या भाच्याला कशाला सोडवलंस?"

चार महिने मी घरी होते. मग पोलादपूरला एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगचं काम मिळालं. नात्याच्या बाई परीक्षा पास झाल्याचं तिथेच कळलं. सर पुढे बाजारात दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जात, आणि मी मुद्दाम थांबून त्यांना जाताना बघत असे. बाईंना दिलेल्या त्या घडीभराच्या भीतीची मला अजून लाज वाटते. बाकी कशाचीच नाही.